वजिराचा बळी आणि त्याचं विश्लेषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर एक सामायिक खोली आहे. तिथे दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांना बुद्धिबळ शिकवते. गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या नववीतल्या एका मुलीने दहा मिनिटांच्या ऑनलाइन डावात आठव्या चालीला मात केली, तीही वजीर देऊन. डाव पालकांच्या ग्रुपवर गेला, तिथून पुढे पुढे सरकत राहिला, आणि तेव्हापासून फोनवर प्रश्न येतच आहेत. तेच तेच उत्तर दहा जणांना टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवते. शक्यतो पट समोर मांडून वाचा. चाली लिहिताना × म्हणजे मोहरा मारला, ! म्हणजे चांगली चाल. घराचं नाव म्हणजे उभ्या रांगेचं अक्षर (ए ते एच) आणि आडव्या रांगेचा आकडा. मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची. आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर चाल काळ्याची.

१. ताई, मराठीत वजीर म्हणायचं की राणी? आणि "बळी" नेमका कशाला म्हणायचं?

दोन्ही चालतं, आमची मुलं तर सरळ क्वीन म्हणतात. मी वजीर म्हणते, कारण आपल्याकडे राजाशेजारी प्रधानच बसायचा. जुन्या खेळात तो तिरका एकच घर सरकायचा. आजची त्याची ताकद पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आली. त्याआधी वजीर दिला तर फार काही बिघडत नव्हतं.

आता हिशेब. प्यादं १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. वजीर देऊन वजीर घेतला तर ती अदलाबदल. वजीर देऊन दोन हत्ती मिळाले तर तो सौदा. बळी म्हणायचं ते तेव्हाच, जेव्हा त्या क्षणी हिशेबात तुमचं नुकसान असतं आणि पुढचं काहीतरी दिसल्यामुळे तुम्ही ते जाणूनबुजून करता. न बघता गेलेला वजीर हा बळी नव्हे. त्याबद्दल प्रश्न ११.

२. ज्या डावावरून हे सगळं सुरू झालं तो डाव एकदा चालीनिशी सांगाल का?

ती पांढऱ्याकडून खेळत होती.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ डी६ ४. घोडा सी३ उंट जी४

इथे काळ्याच्या उंटाने एफ३वरचा घोडा जखडलाय. घोडा हलला की मागे डी१वरचा वजीर उघडा पडतो.

५. एच३ उंट एच५

एच३ने उंटाला विचारलं, घोडा मारतोस की मागे जातोस? काळ्याने एफ३वर मारायला हवं होतं. तो मागे गेला.

६. घोडा × ई५! उंट × डी१ ७. उंट × एफ७ शह, राजा ई७ ८. घोडा डी५ मात.

शेवटच्या स्थितीत बोट ठेवून एकेक घर तपासा. डी७ ई५च्या घोड्याकडे. ई८ आणि ई६ एफ७च्या उंटाकडे. एफ६ डी५च्या घोड्याकडे. डी६, डी८ आणि एफ८वर काळ्याचेच मोहरे बसलेत. एफ७चा उंट राजाला मारता येत नाही, कारण त्याला ई५च्या घोड्याचा आधार आहे. तीन हलके मोहरे (म्हणजे घोडे आणि उंट) मिळून मात करतात आणि काळ्याचा उंट डी१वर, मारलेल्या वजिराच्या घरात, बसून राहतो.

हा नमुना जुना आहे. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या लेगाल या खेळाडूच्या नावाने तो ओळखला जातो. त्या काळातला नावाजलेला फ्रेंच खेळाडू फिलिदोर, त्याचा हा गुरू. मुलीला लेगालचं नाव माहीत नव्हतं. तिने तो पटावर शोधला, आणि मला त्याचंच फार कौतुक आहे.

३. समोरच्याने वजीर खाल्लाच नाही तर काय?

बळीचं विश्लेषण खरं या प्रश्नापासून सुरू होतं. मी मुलीला हेच विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पण त्याने खाल्ला ना!" मग पट मांडला. आमच्या सेटमधल्या एका काळ्या घोड्याचा कान तुटलाय, तोच सी६वर होता. तिला काळ्याच्या बाजूला बसवलं. तिने वजिराला हात न लावता तो घोडा उचलला आणि ई५वर ठेवला. मग स्वतःच पट फिरवून घेतला आणि पांढऱ्याकडून ७. वजीर × एच५ खेळली. चेहरा खुलला. मी काळ्याकडून घोडा × सी४ केलं, उंट गेला, चेहरा उतरला. दोन्ही हात मांडीखाली घालून ती बराच वेळ बसली. बाहेर पाऊस लागला होता. मग एकदम म्हणाली, "बी५!"

म्हणजे असं :

६... घोडा × ई५ ७. वजीर × एच५ घोडा × सी४ ८. वजीर बी५ शह. एकाच चालीत राजाला शह आणि सी४च्या घोड्यावर नजर. ९. वजीर × सी४. मोजा : मोहरे समसमान, पांढऱ्याचं एक प्यादं जास्त.

दुसरा रस्ता : ६... डी × ई५ ७. वजीर × एच५. इथेही एक प्यादं वर, शिवाय एफ७वर मात करण्याची धमकी.

काळ्याने वजीर खाल्ला तर मात, न खाल्ला तरी प्यादं गेलंच. म्हणून ही चाल चांगली. मात झाली हा समोरच्याच्या चुकीचा भाग. चालीची किंमत या दोन न खेळल्या गेलेल्या रस्त्यांत आहे.

४. मी अगदी हेच केलं, मातही झाली, पण ॲपने माझ्या चालीला दोन प्रश्नचिन्हं दिली. ॲप चुकतंय का?

हा प्रश्न डोंबिवलीच्या एका दादांनी डावासकट पाठवला, आणि त्यानंतर तसेच आणखी तीन डाव आले. दोन प्रश्नचिन्हं म्हणजे घोडचूक. चौघांनीही पाचव्या चालीला एच३ न करता थेट घोडा × ई५ खेळलं होतं. ॲपचं बरोबर आहे.

फरक उंटाच्या घराचा. एच३ केलं नाही तर उंट जी४वरच असतो. आता काळा वजीर न खाता घोडा × ई५ करतो. ई५चा घोडा जी४ राखतो, त्यामुळे तुमच्या वजिराने उंट मारला तर घोडा वजीर मारतो. तुमचा डी१चा वजीर उंटाच्या माऱ्यात आहे, सी४चा उंट घोड्याच्या माऱ्यात आहे, आणि तुमचा एक घोडा एका प्याद्याच्या बदल्यात गेलेला आहे. तोच उंट एच५वर असता तर ई५च्या घोड्याची उडी तिथवर पोचत नाही. प्याद्याच्या एका घराच्या चालीने डाव इकडचा तिकडे होतो.

दादा, तुमची मात पटावर खरीच झाली, ती कुणी काढून घेत नाही. पण समोरच्याने वजीर खाल्ला नसता तर तुम्ही एका मोहऱ्याने मागे होतात.

आणखी दोन बारकावे. काळ्याचा घोडा सी६वर आलेलाच नसेल (उदाहरणार्थ त्याने चौथ्या चालीला जी६ किंवा एच६ केलं असेल), तर एच३ची गरज नाही. घोडा × ई५ थेट चालतं, डी × ई५ला वजीर × जी४ हे उत्तर आहे. उलट काळ्याचा दुसरा घोडा एफ६वर असेल तर हा विचार सोडून द्या, एच३ केलेलं असो वा नसो. तो घोडा डी५वरची मात मारतो, आणि जी४ व एच५ ही दोन्ही घरंही राखतो.

५. ॲप "!!" कशावरून देतं? माझ्या मित्राला तशाच चालीला मिळालं, मला का नाही?

"!!" म्हणजे अफलातून चाल. चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटने स्वतः सांगितलेला निकष साधारण असा : चालीत मोहऱ्याचा बळी असावा आणि तो योग्य असावा, चालीनंतर तुमची स्थिती वाईट नसावी, आणि ती चाल न करताही तुम्ही आरामात जिंकत असाल तर चिन्ह मिळत नाही. नव्या खेळाडूंसाठी हा निकष सैल ठेवला आहे, म्हणून कमी रेटिंगच्या मित्राला जे मिळतं ते तुम्हाला मिळेलच असं नाही. लिचेस या दुसऱ्या साइटच्या विश्लेषणाचा भर चुका दाखवण्यावर असतो. तिथे ही उद्गारचिन्हं शोधत बसू नका.

मुलं चिन्हासाठी वजीर देऊ लागतात, तेव्हा मला काळजी वाटते. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरात अमेरिकन खेळाडू मॉर्फीने सोळाव्या चालीला वजीर बी८वर दिला आणि सतराव्याला हत्तीने डी८वर मात केली. बी८वर तो वजीर मारण्यावाचून काळ्याकडे एकही कायदेशीर चाल नव्हती. ती चाल कुठल्याही चिन्हावाचून पूर्ण आहे.

६. विश्लेषण कुठून सुरू करू? डाव संपला की लगेच इंजिन लावलं तर काय बिघडतं?

बिघडतं. इंजिन म्हणजे सर्वोत्तम चाल शोधून देणारा संगणकाचा प्रोग्राम. त्याचा बाण दिसला की डोकं थांबतं, हे मी वर्गात दर आठवड्याला बघते. मी मुलांकडून असं करून घेते : आधी कागद. बळीच्या चालीपाशी थांबायचं आणि समोरच्याची सुचतील तेवढी उत्तरं लिहायची, निदान तीन : वजीर मारला तर, दुसराच काही मोहरा मारला तर, आणि काहीच न मारता शांत चाल केली तर. प्रत्येक उत्तरापुढे आपली चाल लिहायची. शेवटी मोहरे मोजायचे.

त्यानंतर इंजिन. त्यात एक ऐवजी तीन ओळी दाखवा अशी सोय असते, ती लावा. पहिली ओळ बहुतेक जण बघतात. तुमच्या कागदावर नसलेलं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत सापडतं, आणि तेच तुमचं शिकणं.

शेवटी एक पाऊल मागे जा. बळीच्या आधीच्या चालीत समोरच्याने काय चुकवलं? प्रश्न २मधल्या डावात ती चूक ५... उंट एच५ ही होती. बळी हा बहुतेक वेळा त्या चुकीला दिलेलं उत्तर असतं.

७. इंजिनचा आकडा कसा वाचायचा? मात होणार होती तर आधीच "मात" का नाही दाखवलं?

+१ म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याने वरचढ, उणे असेल तर काळा. एम३ किंवा #३ म्हणजे तीन चालींत सक्तीची मात. इंजिन समोरचा उत्तमच खेळेल असं धरून चालतं. ६. घोडा × ई५नंतर काळ्याचं उत्तम उत्तर वजीर न खाणं हे आहे, म्हणून आकडा प्याद्याच्या आसपासचा असतो. मात दाखवणारा आकडा काळ्याने वजीर खाल्ल्यावर येतो. फोनवर सुरुवातीला आकडा उड्या मारतो. तो स्थिरावेपर्यंत थांबा.

८. वजीर दिला, मात नाही, वजीरही परत मिळत नाही, तरी इंजिन "बरोबर" म्हणतं. हे कसं?

हा खरा बळी. प्रश्न २मधला बळी शेवटपर्यंत मोजता येतो, म्हणून एका अर्थी तो उसना दिलेला वजीर. खऱ्या बळीत मोजणी मध्येच संपते आणि पुढे मोहऱ्यांच्या जागांवर विश्वास ठेवावा लागतो.

१९६२ साली रशियातल्या रोस्तोवमध्ये सोव्हिएत खेळाडू नेझमेतदिनोव्हने चेर्निकोव्हविरुद्ध बाराव्या चालीला वजिराने एफ६वरचा उंट मारला. वजिराच्या बदल्यात फक्त दोन हलके मोहरे. मात कुठेच नाही. पण काळ्याच्या राजाभोवतीची काळी घरं उघडी पडली, त्यांची राखण करणारा उंट गेला होता, आणि नेझमेतदिनोव्हचे मोहरे तिथे येऊन बसले. तो डाव जिंकला. हा डाव मी वर्षातून एकदा तरी मांडते, कारण "बदल्यात काय मिळालं" याचं उत्तर दर वेळी मोहऱ्यांत नसतं हे त्यात दिसतं. राजाची असुरक्षितता, समोरच्याचे अडकलेले मोहरे, पुढाकार, हेही मिळकतीतच धरायचं.

या दोन्हींच्या मधला डाव म्हणजे १९५६चा न्यूयॉर्कमधला डोनाल्ड बर्न विरुद्ध फिशर. पुढे विश्वविजेता झालेला फिशर तेव्हा १३ वर्षांचा होता. काळ्याकडून सतराव्या चालीला त्याने वजीर माऱ्यात सोडून उंट ई६वर आणला. बर्नने वजीर घेतला. फिशरच्या घोड्याने आणि उंटाने मिळून शहामागून शह दिले, आणि वजिराच्या बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं मिळवलं. एक्केचाळिसाव्या चालीला मात.

आता प्रश्न ३ इथेही विचारा. बर्नने वजीर न घेता ई६चा उंट मारला असता तर? १८. उंट × ई६ वजीर बी५ शह १९. राजा जी१ घोडा ई२ शह २०. राजा एफ१ घोडा जी३ शह, दुहेरी २१. राजा जी१ वजीर एफ१ शह! २२. हत्ती × एफ१ घोडा ई२ मात. वजीर न घेण्याच्या रस्त्यावर दुसराच बळी टपून बसलेला. हे मी पहिल्यांदा पटावर खेळून पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

९. वजीर देण्याची संधी आहे हे ओळखायचं कसं? काही ठरलेले नमुने आहेत का?

आहेत, आणि ते हाताला लागेपर्यंत मांडावे लागतात. सगळ्यात उपयोगी गुदमरून मात. काळ्याचा राजा एच८वर, समोर जी७ आणि एच७ची प्यादी, हत्ती एफ८वर, तुमचा घोडा एच६वर आणि वजीर जी८वर पोचू शकतो. वजीर जी८ शह. घोड्याचा आधार असल्याने राजाला तो मारता येत नाही, हत्तीलाच मारावा लागतो. मग घोडा एफ७, मात. राजा आपल्याच माणसांत कोंडला गेला. ही युक्ती १४९७ सालच्या लुसेनाच्या पुस्तकातही आहे. अपवाद : हत्ती हलल्यावरही काळ्याचा वजीर किंवा उंट एफ७वर नजर ठेवून असेल तर घोडा मारला जातो आणि तुमचा वजीर फुकट. वजीर उचलण्याआधी एफ७ कोण राखतंय ते बघा.

दुसरा नमुना राजाला बाहेर ओढण्याचा. १९१२ साली लंडनमध्ये एडवर्ड लास्करने थॉमसविरुद्ध वजीर एच७वर दिला आणि राजाला जी८वरून शह देत देत थेट जी१वर, स्वतःच्या घरात आणला. अठराव्या चालीला मात. असा बळी शहांच्या साखळीवर उभा असतो. एक कडी शहाची नसेल तर दहा वेळा मोजा.

१०. हरत असताना वजीर देऊन डाव वाचवता येतो का?

येतो. तुमच्या राजाला हलायला घर नाही, प्यादी अडलेली आहेत, आणि फक्त वजीर-हत्तीच हलू शकतात अशी वेळ आली तर ते देऊन टाका : तुम्हाला कायदेशीर चाल उरली नाही आणि शहही नाही, तर डाव बरोबरीत. १९६३च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी एव्हान्सने रेशेव्हस्कीविरुद्ध हरलेल्या डावात आधी वजीर जी८वर दिला, मग हत्ती जी७वर. तो हत्ती मारला तर पांढऱ्याला चाल नाही, न मारला तर शह थांबत नाहीत. बरोबरी.

विश्लेषणात अशा बळीपुढे ०.० दिसेल. आकडा लहान असला तरी त्या स्थितीत ती सर्वोत्तम चाल असते.

११. लोकलमध्ये धक्का लागला, बोट घसरलं, वजीर भलत्याच घरात गेला. समोरच्याने खाल्ला आणि मी जिंकलो. ॲप भारी चाल म्हणतं. हा बळी धरायचा का?

नाही. संध्याकाळच्या गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने खेळताना हे होतं, माझंही झालंय. डाव मात्र पुसू नका. घरी येऊन प्रश्न ६ची पद्धत लावा आणि ती चाल का चालली ते शोधा. पुढच्या वेळी तीच चाल तुम्ही बघून कराल तेव्हा ती तुमची. प्रवासात खेळायचंच असेल तर सेटिंगमध्ये चाल पक्की करण्याआधी विचारण्याची सोय असते, ती चालू ठेवा.

१२. ब्लिट्झमध्ये चुकीचा बळीही जिंकून देतो. मग बरोबर-चूक कशाला बघायचं?

तीन मिनिटांच्या डावात समोरच्याकडे वीस सेकंद उरली असतील तर तुमच्या चुकीच्या बळीला उत्तर शोधणं त्याला जड जातं, हे खरं. घड्याळ हा खेळाचा भाग आहे. खेळताना जरूर करा. डाव संपल्यावर मात्र वहीत "चूक, पण वेळेवर जिंकलो" असं लिहा. तोच बळी समोरासमोरच्या स्पर्धेत, नव्वद मिनिटांच्या डावात केलात तर समोरचा अर्धा तास विचार करेल आणि उत्तर शोधेल.

१३. डाव चालू असताना फक्त खात्री करायला इंजिनात पाहिलं तर?

नाही. एक चालसुद्धा नाही. दिवसाला एक चाल असलेल्या संथ डावांत ओपनिंगचा (डावाच्या सुरुवातीच्या चालींचा) संग्रह बघायला या साइट्स परवानगी देतात, इंजिनला तिथेही नाही. बळी देताना पोटात जो गोळा येतो, तो स्वतः सोसल्यावरच हिशेब पक्का होतो.

१४. समोरच्याने इतकी भारी चाल केली की संशय येतो. कसं ओळखायचं?

एका चालीवरून नाही ओळखता येत. प्रश्न २मधली मुलगी जेमतेम वर्षभर खेळतेय, आणि तिच्यावरही ग्रुपवर एकाने शंका घेतली. ती दोन दिवस गप्प होती. नमुना माहीत असणाऱ्याला अशी चाल पाच सेकंदांत दिसते. खरंच संशय असेल तर साइटवर तक्रारीचं बटण आहे, ते दाबा. ग्रुपवर कुणाचं नाव घेऊ नका.

१५. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. हा डाव बघितल्यापासून दर डावात वजीर देतो आणि हरतो. थांबवू का?

थांबवू नका, काकू. त्याला एकच अट घाला : वजीर उचलण्याआधी समोरच्याची दोन उत्तरं मोठ्याने सांगायची, एक खाल्ल्याचं आणि एक न खाल्ल्याचं. सांगता आली तर देऊ दे, चुकीची असली तरी. ऑनलाइन डावात बोलता येतं, तेवढा फायदा घ्या. आठवड्यातून एखादा डाव घरी पटावर, त्याच्याशी स्वतः खेळा. तुम्हाला खेळ येत नसेल तर त्यालाच शिकवायला सांगा.

१६. त्या मुलीचा समोरचा खेळाडू पुढे भेटला का?

हे सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलंय. हो, त्याने लगेच परत डाव मागितला. पुन्हा त्याच चाली झाल्या, पाचव्या चालीला तिने पुन्हा एच३ केलं, आणि या वेळी त्याने उंट × एफ३ खेळलं. ६. वजीर × एफ३. बळी नाही, मात नाही. डाव बावन्न चालींवर गेला आणि बरोबरीत सुटला. तो तिने वहीत उतरवून आणलाय, येत्या शनिवारी आम्ही तोच मांडणार आहोत.